दारूकोठाराची शिकवण

(विजयादशमीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. चार महिन्यांचा पावसाळा सरला, नद्यांचे पूर ओसरले, घाटवाटा मोकळ्या झाल्या की मराठ्यांच्या फौजा याच सुमारास मोहिमेवर निघत. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रे बाहेर काढली जात, पुसली जात आणि पूजली जात. आजही कारागिरांच्या घरी या दिवशी हत्यारे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. या पूजेचा धार्मिक आशय सर्वांना ठाऊक आहे. तिचे व्यावहारिक अंग मात्र सहसा ध्यानी घेतले जात नाही. चार महिने दमट हवेत पडून राहिलेले शस्त्र हाती घ्यावे, त्याला गंज चढला आहे काय, त्याची मूठ सैल झाली आहे काय हे पाहावे, तेलपाणी करावे आणि मगच त्याच्यावर भरवसा ठेवावा, हा त्या पूजेत सामावलेला शहाणपणा आहे. शस्त्राची पूजा ही शस्त्राची वार्षिक तपासणीही होती.

तलवारीला चढलेला गंज डोळ्यांना दिसतो आणि घासून काढताही येतो. तोफेच्या दारूला लागलेली ओल मात्र दिसत नाही. ती उघडकीस येते प्रत्यक्ष बत्ती देण्याच्या क्षणी, आणि तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे येतात, लढायांच्या तारखा येतात. दारूकोठाराच्या राखणदाराचे नाव येत नाही. वस्तुतः कित्येक लढायांचा कौल रणांगणावर लागण्यापूर्वी कोठारात लागलेला असतो. दारूगोळा दीर्घकाळ कोरडा आणि सुरक्षित कसा राखावा, हा विषय वरवर रूक्ष वाटेल. परंतु राष्ट्राच्या सामर्थ्याविषयी जो बोलतो, त्याला हा विषय टाळता येत नाही.

अदृश्य शत्रू

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पापड सादळतात, आगपेटीची काडी घासूनही पेटत नाही. प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा हा अनुभव तोफेच्या दारूलाही तंतोतंत लागू पडतो. जुनी काळी दारू तीन पदार्थांची बनते: सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत साधारणतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक हे प्रमाण पुढे युरोपात रूढ झाले. सोरा जळण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधक आग लवकर धरतो. हे तिन्ही पदार्थ एकमेकांत किती बारीक व किती एकजीव मिसळले आहेत, यावर दारूचा जोर अवलंबून असतो.

ओल नेमका या एकजीवपणावरच घाव घालते. कोळसा सच्छिद्र असल्याने हवेतील बाष्प शोषून घेतो. शुद्ध सोरा स्वतः फारसा ओलावा ओढत नाही; पण त्याच्यात मिठाचा किंवा अन्य क्षारांचा अंश राहून गेला असेल, तर तो झपाट्याने पाणी ओढतो. मग सोरा त्या ओलीत विरघळतो, आपली जागा सोडून पृष्ठभागाकडे सरकतो आणि हवा पुन्हा कोरडी झाली की तेथे पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने जमतो. अशी दारू हाताला कोरडी लागते, पण तिचे घटक वेगळे झालेले असतात. ती उन्हात वाळवली तरी तिचा मूळ जोर परत येत नाही. ती नव्याने कुटून, मिसळून, पुन्हा तयार करावी लागते. म्हणजे ओल लागू न देण्याचा उपाय स्वस्त आहे आणि ओल लागल्यानंतरचा उपाय महाग, किंबहुना युद्धकाळात अशक्य आहे. या विषयाचे सारे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. साठवणुकीची पहिली पायरी कोठाराच्या दारात नाही, ती कारखान्यात आहे. सोरा पुनःपुन्हा उकळून, गाळून, त्याचे स्फटिक पाडून जितका शुद्ध करावा, तितकी दारू टिकाऊ होते. सतराव्या-अठराव्या शतकांत पाटण्याच्या परिसरातील सोऱ्यासाठी डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांत चढाओढ होती. पुढे एकोणिसाव्या शतकात चिली देशाच्या वाळवंटातील दुसऱ्या जातीचा सोरा स्वस्तात मिळू लागला. परंतु तो हवेतील पाणी ओढत असल्याने तोफेच्या दारूसाठी जसाच्या तसा वापरता येईना. दारूची भुकटी न ठेवता तिचे दाणे पाडण्याची पद्धतही याच अनुभवातून रूढ झाली. दाणेदार दारू भुकटीपेक्षा ओलीला अधिक काळ दाद देत नाही, आणि वाहतुकीत हिंदकळून तिचे घटकही वेगळे होत नाहीत.

अमात्यांची दूरदृष्टी

आता आपल्या घरातील एका ग्रंथाकडे वळावे. रामचंद्रपंत अमात्य हे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांपैकी एक. राजाराम महाराज जिंजीस गेल्यानंतर महाराष्ट्रातील राज्याचा भार ज्यांनी हुकूमतपनाह या नात्याने वाहिला, तेही हेच. शिवछत्रपतींचा कारभार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला, आणि राज्यावर आलेले सर्वांत मोठे संकट अंगावर झेललेले. त्यांचे १७१५-१६ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ राजनीतीचा ग्रंथ म्हणून सर्वश्रुत आहे. त्यातील दुर्गप्रकरण मात्र एका वेगळ्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. गड म्हणजे राज्याचे सार, असे मानणारा हा मुत्सद्दी दारूखान्याची जागा, बांधणी आणि निगा यांविषयी एखाद्या दक्ष कोठीवाल्याच्या बारकाईने लिहितो.

त्यांच्या सांगण्याचा आशय असा: दारूखाना वस्तीच्या जवळ नसावा, आणि वस्तीकडून वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेलाही नसावा. सदरेपासून अंतर राखून तो बांधावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. आत तळघर करून ते चुनेगच्चीने पक्के करावे. तळघरात लाकडी माच घालून त्याच्यावर दारूची भांडी ठेवावीत. बाण म्हणजे अग्निबाण, आणि होके म्हणजे दारू भरून फेकावयाचे गोळे. हे मधल्या घरात ठेवावेत. कशालाही सरदी पोहोचू देऊ नये. हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन सर्व सामान बाहेर काढावे, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी. रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये.

या सूचनांतील प्रत्येक शब्दामागे कारण आहे. वस्तीतील चुलीची ठिणगी वाऱ्याबरोबर उडते, म्हणून वाऱ्याची दिशा पाहायची. हिरवे, दाट कुंपण ठिणगीही अडवते आणि माणसालाही. चुनेगच्ची केली की भिंतीतून आणि जमिनीतून झिरपणारे पाणी थोपते. माच घातल्याने भांड्यांच्या तळाला जमिनीची ओल लागत नाही आणि खालून हवा खेळती राहते. मुद्रा केली की मधल्या काळात कोणी हात लावला, हे लपत नाही. सर्वांत महत्त्वाची सूचना आठ-पंधरा दिवसांची. ओल एका दिवसात दारूचा नाश करीत नाही, ती हळूहळू साचत जाते. म्हणून वर्षातून एकदा मोठा समारंभ करून भागत नाही. थोडे थोडे काम नेमाने करावे लागते. अमात्यांनी हे काम एखाद्या हलक्या नोकराकडे न सोपवता गडाच्या हवालदाराने स्वतः करावे असे सांगितले, हेही लक्षात घेतले पाहिजे. जो गडाचा मुख्य, तोच दारूच्या कोरडेपणाला जबाबदार.

अर्थात ही व्यवस्था एकट्या हवालदाराच्या भरवशावर नव्हती. गडावर हवालदाराबरोबर सरनोबत आणि सबनीस असत, आणि कोठारातील जिन्नसांचा हिशेब राखण्यासाठी कारखानीस असे. राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखान्याहून वेगळा असा दारूखाना गणला जाई. तोफ आणि दारू ही दोन खाती वेगळी धरण्याची ही पद्धत पुष्कळ काही सांगून जाते. तोफ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, दारू टिकवावी लागते.

हे सारे सह्याद्रीच्या पावसात करावयाचे होते, याचा विसर पडू नये. महाबळेश्वराच्या परिसरात वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. प्रतापगड त्याच्या शेजारचा. गडावर ढग उतरले की आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. ज्या दिवसांत दारूला ऊन देण्याची सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत ऊन मिळत नाही. अशा वेळी पावसाळ्यापूर्वीची तयारी, भिंतीची जाडी, छपराची मजबुती आणि माचेची उंची यांवरच सारे अवलंबून असणार. म्हणून आज गडावर चढल्यावर जे दारूकोठार आपल्याला एक साधी, अंधारी, ओबडधोबड इमारत वाटते, ती त्या गडावरील सर्वांत विचारपूर्वक बांधलेल्या वास्तूंपैकी एक असते.

एवढी दक्षता घेऊनही निसर्गापुढे माणसाचे नेहमीच चालत नसे. सिंहगडावरील दारूकोठारावर १७५१ मध्ये वीज पडली आणि स्फोटाने गडावरील फडणिसांचे घर माणसांसह उद्ध्वस्त झाले. युरोपातही असेच घडत होते. इटलीतील ब्रेशिया नगरात १७६९ मध्ये दारूसाठा असलेल्या जागी वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. वीजवाहक सळईचा शोध तेव्हा नवा होता; दारूकोठारांवर ती बसवण्याची निकड अशा आघातांनीच जगाला पटवली. सिंहगडाच्या फडणिसांच्या कुटुंबाला त्या शोधाचा लाभ मिळाला नाही. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, या अमात्यांच्या सूचनेचे मोल अशा प्रसंगी कळते.

प्लासीची सर

दारू कोरडी ठेवण्याची काळजी न घेतल्यास काय होते, याचे सर्वांत कटू उदाहरण आपल्याच देशातील आहे. २३ जून १७५७. बंगालमध्ये भागीरथीच्या काठी, प्लासीच्या आमराईत रॉबर्ट क्लाइव्हची सुमारे ३ हजारांची फौज, आणि समोर सिराज उद्दौलाचे सुमारे ५० हजारांचे सैन्य. सकाळपासून दोन्ही बाजूंनी तोफा चालू होत्या. दुपारच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी आपल्या दारूवर लगोलग ताडपत्री अंथरली. नवाबाच्या तोफखान्याजवळ तशी तयारी नव्हती. दारू भिजली आणि त्याच्या तोफांचा मारा मंदावला. आपल्याप्रमाणेच इंग्रजांचीही दारू भिजली असणार, असे समजून मीर मदन या नवाबाच्या निष्ठावान सरदाराने चढाई केली. इंग्रजांच्या तोफा कोरड्या होत्या. त्यांच्या माऱ्यात मीर मदन पडला, आणि त्याच्याबरोबर नवाबाचे धैर्यही खचले.

प्लासीचा निकाल मीर जाफरच्या फितुरीने लागला, हे खरेच आहे. मीर जाफरचे नाव घरभेदाचा प्रतिशब्द होऊन बसले ते उगाच नव्हे. परंतु फितुरीवर सारे खापर फोडून मोकळे होणे सोपे असते, कारण फितूर हा नेहमी दुसरा कोणीतरी असतो. आषाढाच्या तोंडावर, बंगालसारख्या प्रांतात तोफखाना उघड्यावर आणताना दारूवर घालावयास ताडपत्री नसणे, ही फितुरी नव्हती. तो गाफीलपणा होता. जो सरदार फितूर नव्हता, तो या गाफीलपणाला बळी पडला. निष्ठा होती, शौर्य होते, संख्याबळही होते. कोरडी दारू तेवढी नव्हती.

काडतुसाचे कवच

बरोबर शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, दारू कोरडी राखण्याच्या याच प्रश्नाने इंग्रजांना अडचणीत आणले. एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. आत दारू आणि गोळी. कागद ओल धरतो, आणि गोळी नळीत सुलभपणे सरकली पाहिजे. या दोन्ही गरजांसाठी काडतुसाला वंगण लावण्याची पद्धत होती. त्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता छावण्यांत पसरली. काडतूस दातांनी तोडावे लागे, त्यामुळे हिंदू व मुसलमान या दोन्ही शिपायांच्या श्रद्धेला ते असह्य झाले. शिपायांनी आपले वंगण आपणच तयार करावे अशी मुभा सरकारने नंतर दिली. पण विश्वास एकदा तुटला तो तुटलाच. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. मेरठला ८५ घोडेस्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला, आणि १० मे रोजी तेथे उठावाचा वणवा पेटला.

स्वातंत्र्यसमराची कारणे अनेक आणि खोलवरची होती. काडतूस ही त्यांतील ठिणगी. परंतु या विषयाच्या संदर्भात त्यातून एक निराळा बोध घेण्याजोगा आहे. दारूगोळ्याच्या साठवणुकीचा प्रश्न निव्वळ रसायनाचा नसतो. जी माणसे तो हाताळतात, त्यांचा व्यवस्थेवर विश्वास असावा लागतो. माणसांना तुच्छ लेखणाऱ्या व्यवस्थेचे कोठार कितीही कोरडे असो, ते सुरक्षित नसते.

पुढे कागदी काडतुसाची जागा पितळी काडतुसाने घेतली. धातूच्या कवचात दारू बंदिस्त झाली आणि ओलीविरुद्धचा लढा निम्मा जिंकल्यासारखा झाला. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढे देशातील आयुधनिर्माणी कारखाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा दारूगोळा तयार करणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचे मुख्यालयही खडकीसच आले. सह्याद्रीच्या कुशीत अमात्यांनी ज्याची काळजी वाहिली, त्या कामाचा एक धागा असा आजच्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आतून पोखरणारी दारू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ती बनवतात. तिचा जोर मोठा, धूर नगण्य. पण तिच्यात एक नवा धोका होता. ही दारू काळाबरोबर आपोआप विघटित होते. विघटनातून आम्लयुक्त वायू निघतात, ते वायू विघटनाचा वेग आणखी वाढवतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि शेवटी दारू स्वतःहून पेट घेऊ शकते. उष्णता आणि दमटपणा या प्रक्रियेला खतपाणी घालतात. हे वायू शोषून घेणारा डायफेनिलअमाइनसारखा पदार्थ दारूत मिसळला की तिचे आयुष्य वाढते. परंतु तो पदार्थही वर्षानुवर्षे खर्ची पडत जातो. तो किती उरला, हे प्रयोगशाळेत तपासूनच समजते.

हे ज्ञान जगाने मोठी किंमत मोजून मिळवले. फ्रान्सच्या आरमाराची ‘इएना’ ही युद्धनौका १२ मार्च १९०७ रोजी तुलाँ बंदरात स्फोटाने नष्ट झाली. शंभराहून अधिक माणसे गेली. त्याच बंदरात २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबर्ते’ ही युद्धनौका उडाली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या नौकांवर शत्रूने एकही गोळा डागला नव्हता. त्यांच्याच कोठारातील जुनी होत चाललेली दारू त्यांच्या विनाशाचे कारण ठरली.

म्हणून आजच्या शास्त्रशुद्ध कोठारात नुसते जाड भिंतींवर विसंबून राहत नाहीत. दारूगोळा हवाबंद धातूच्या पेट्यांत ठेवतात. झाकणाला रबरी पट्टी असते. पेटीत बाष्पशोषक दाणे घालतात. नव्या बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी सापडते, त्यातील सिलिका जेल हाच तो पदार्थ. त्याच्या एका प्रकारात ओल शोषली गेली की निळा रंग जाऊन गुलाबी रंग येतो. पेट्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचतात. परस्परांना घातक ठरणारी स्फोटके वेगवेगळ्या कोठारांत ठेवतात. कोठारांमध्ये ठरावीक अंतर आणि मातीचे बांध असतात, वर वीजवाहक सळई असते. प्रत्येक खेपेला तिचा क्रमांक असतो, जुना माल आधी वापरतात, ठरलेल्या मुदतीने नमुने तपासतात आणि निकामी माल वेळेत नष्ट करतात. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये दारूगोळ्याच्या साठवणुकीविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शेजारी आज्ञापत्रातील तो मजकूर ठेवून पाहावा. वस्तीपासून अंतर, जमिनीपासून उंची, वेगवेगळ्या सामानाला वेगवेगळ्या जागा, ठरावीक मुदतीची तपासणी, मोहोर आणि पहारा. साधने बदलली, रसायने बदलली. तत्त्वे बव्हंशी तीच आहेत.

नियम छापलेले असणे आणि पाळले जाणे यांत मात्र अंतर असते. सायप्रस या लहानशा देशाने २००९ मध्ये एका जहाजावरून जप्त केलेल्या दारूगोळ्याची ९८ कंटेनर आपल्या नाविक तळावर उघड्यावर, भर उन्हात ठेवून दिली. त्यांचे काय करावे याचा निर्णय लांबत राहिला. ११ जुलै २०११ च्या पहाटे त्यांचा स्फोट झाला. नौदलाच्या प्रमुखासह १३ जण ठार झाले आणि शेजारचे देशातील सर्वांत मोठे वीजकेंद्र निकामी झाले. दोन वर्षे कोणीही काही वाईट केले नव्हते. कोणी काहीच केले नव्हते, एवढेच.

पुलगावचे हुतात्मे

दूरच्या देशाकडे बोट दाखवून थांबता येत नाही. विदर्भात, वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे देशातील सर्वांत मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथील एका कोठाराला आग लागली. ऐन उन्हाळ्यातील विदर्भाची ती रात्र. आग विझवण्यासाठी जे धावले, त्यांना समोर काय आहे हे पुरते ठाऊक होते. तरीही ते मागे सरले नाहीत. दोन लष्करी अधिकारी, अग्निशमन दलाचे कर्मचारी आणि सुरक्षा दलाचे जवान मिळून पंधराहून अधिक जणांनी प्राण गमावले. आग इतर कोठारांत पसरली नाही, यात त्यांच्या धावून जाण्याचा मोठा वाटा आहे. त्या कोठारातील रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटद्रव्य पाझरत असल्याची बाब दुर्घटनेनंतर सार्वजनिक चर्चेत आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच परिसरात, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत पोटासाठी मजुरीवर आलेली माणसे होती.

सीमेवर लढताना येणाऱ्या वीरमरणाचा गौरव समाज योग्य रीतीने करतो. पुलगावच्या त्या रात्री धावलेल्या अग्निशामकाचे नाव मात्र त्याच्या गावापलीकडे किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या समोर शत्रू नव्हता. होती ती वर्षानुवर्षे साचलेली जोखीम. अशी जोखीम एका दिवसात निर्माण होत नाही. सदोष माल स्वीकारला जातो, तपासणीचा शेरा कागदावरच राहतो, नष्ट करावयाचा माल पुढच्या वर्षावर ढकलला जातो. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आठ-पंधरा दिवसांचे ते काम टाळलेले असते. शेवटी त्या सर्वांची बाकी एखाद्या रात्री दुसराच कोणीतरी आपल्या प्राणांनी चुकवतो.

दुसरी बाजूही आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने लष्कराच्या दारूगोळ्याच्या साठ्यातील तुटीकडे देशाचे लक्ष वेधले. तूट म्हटली की नव्या खरेदीची चर्चा होते, आणि ती आवश्यकच आहे. परंतु जो साठा नीट न राखल्याने वापरण्यायोग्य राहत नाही, तोही तुटीतच जमा होतो. नव्या तोफेच्या चाचणीची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. कोठाराचे छप्पर दुरुस्त झाल्याची बातमी कोठेच येत नाही. लोकशाहीत ज्या कामाची वाच्यता होत नाही, त्याला निधीही उशिराच मिळतो. म्हणून जागरूक नागरिकांनी हा विषय बोलला पाहिजे. आपल्या लोकप्रतिनिधींना नव्या शस्त्रांविषयी विचारतो, तसेच जुन्या कोठारांच्या दुरुस्तीविषयी, अग्निशमन साधनांविषयी, निकामी दारूगोळ्याच्या विल्हेवाटीविषयी आणि त्या कामावरील मजुरांच्या सुरक्षिततेविषयीही विचारले पाहिजे. शस्त्रसाठा राखणे हे शासनाचे आणि सैन्याचे काम. त्या कामाची कदर करणे आणि त्याचा हिशेब मागणे हे समाजाचे काम.

गडावर गेल्यावर

महाराष्ट्रातील तरुण आज मोठ्या संख्येने गडांवर जात आहेत. श्रमदानाने टाकी उपसली जात आहेत, तटावरची झुडपे काढली जात आहेत. या तरुणांना एक सुचवावेसे आहे. गडावर गेल्यावर बालेकिल्ला पाहावा, महादरवाजा पाहावा, आणि मग थोडी वाट वाकडी करून दारूकोठारापाशी जावे. ते वस्तीच्या अवशेषांपासून किती दूर आहे, वारा कोणत्या बाजूने येतो, भिंत किती जाड आहे, पाणी कसे काढून दिले आहे, हे पाहावे. मुलांना ते समजावून सांगावे. स्वच्छता करताना जमिनीत एखादा जुना तोफगोळा आढळला, तर त्याला हात न लावता, तो घरी न नेता, पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. पोकळ गोळ्यात दारू शिल्लक असण्याचा संभव असतो.

त्या अंधाऱ्या कोठारात कोणे एके काळी एक हवालदार दर आठ-पंधरा दिवसांनी येत होता. लढाई नव्हती, शत्रू दृष्टीच्या टप्प्यात नव्हता, कोणी पाहतही नव्हते. तरी तो भांडी बाहेर काढत होता, दारूला ऊन देत होता, पुन्हा आत ठेवून मुद्रा करत होता. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. परंतु गडावरून जेव्हा तोफ कडाडली आणि शत्रू मागे हटला, तेव्हा त्या आवाजात त्याच्या कित्येक वर्षांच्या मूक कष्टांचाही वाटा होता.

राष्ट्राचे सामर्थ्य विजयाच्या दिवशी दिसते. ते साठते मात्र अशा बिनविजयाच्या, बिनगौरवाच्या दिवसांत. आपल्या वाट्याला कोठार येवो, शाळा येवो, दप्तर येवो की घर येवो, आठ-पंधरा दिवसांनी येणारे आपले काम चुकवायचे नाही, हा निश्चय आजच्या दिवशी करावा. शस्त्रपूजन त्यानेच सार्थ होईल.